टोकाचे घट

डिझेल कायमचं बंद झालं तेव्हापासून धरणाच्या पाण्यावरची लाँच हायड्रोजनवर चालायची. हायड्रोजनपासून वीज करणारे तिचे इंधन-घट सांभाळायचं काम कमल संकपाळकडे होतं. आज लाँच आठवड्यात तिसऱ्यांदा धक्क्यालाच अडली.

अठ्ठेचाळीस घट एकाला एक चिकटून रचलेले होते. मधले ऊब धरून राहत, पण दोन्ही टोकांचे घट थंडीत गार पडत, त्यांत पाणी साचे आणि ते मरत. वीज एकातून दुसऱ्यात जाई, म्हणून एक मेला की सगळंच बंद. कमलने दोनदा नवे घट बसवले होते. आता शिल्लक नव्हते.

लाँचमधल्या फळीवर भागूबाई शेलार बसल्या होत्या. पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस कालच व्हायला हवं होतं. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

"कंपनी नव्या घटांचं काय म्हणते, कमलताई?" लाँच चालवणाऱ्या तांडेल दगडूने विचारलं.

"तीन महिन्यांनी बघू म्हणते." चिडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तिने मेलेले दोन्ही घट उघडले, आतले फाटके पापुद्रे काढून टाकले आणि नुसत्या कार्बनच्या प्लेटी परत टोकांना लावल्या. त्या स्वतः वीज करणार नव्हत्या, बाकीच्या घटांची वीज पुढे जाऊ मात्र देणार होत्या. थंडी आता त्यांनाच लागणार होती, आतले घट उबेत राहणार होते.

तासाभरात सगळे घट सारखे तापले. लाँच निघाली, जरा सावकाश.

"परवा पण नेशील ना गं?" भागूबाईंनी विचारलं.

"नेईन, मावशी," म्हणत कमल खाली टेकली आणि बसल्या जागी झोपली. पलीकडचा धक्का आला, तरी तिला कुणी उठवलं नाही.