कासवीची नजर

"सेलूला जाऊन पोरगी बघून आलास, अन् आईला इचारलंबी न्हाईस? मी काय मेले व्हते?" सरजाबाईनं हातातला तांब्या ओट्यावर आदळला.

सटवाजीनं मान खाली घातली. "तू न्हाई म्हणली असतीस, आये."

"न्हाई कशापायी म्हणीन? वांझ सून मिरवायची हौस न्हाई मला. पर इचारायची काही रीत हाय का न्हाई?"

सटवाजीची बायको कस्तुरा दाराआड उभी राहून ऐकत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तिची कूस उजवली नव्हती. सटवाजी मात्र सरजाबाईला उशिरा का होईना मिळाला. माहेरी बाळंतपणाला गेली ती त्याला घेऊनच आली. सटवाईचा नवस, म्हणून नाव सटवाजी. लाडही तसेच.

परसात एक कासवी होती, कस्तुराच्या माहेरची. दिवाळीच्या पुढं तिनं अंडी घातली. कस्तुरानं ती रेतीच्या घमेल्यात अलगद पुरून ठेवली होती.

सरजाबाईनं त्या घमेल्याकडं बोट केलं. "पिलं निघंपस्तोर थांब. निघाली तर हिचीबी कूस उजवल, मंग दुसरी आणायची न्हाई. न्हाई निघाली तर मीच हिला माहेरी सोडून येते."

"शब्द?"

"शब्द."

सटवाजी हसला. कासवांच्या भरवशावर त्याला काही फार धोका दिसला नाही.

कासवी अंड्यांवर बसत नाही, नुसत्या नजरेनं पिलं वाढवते, हे तिथल्या बायांना न सांगता ठाऊक. कस्तुरा कामं आटपली की कासवीला घमेल्यासमोर आणून ठेवायची. कासवी तोंड फिरवून कडब्याच्या गंजीकडं चालू लागायची. कस्तुरा तिला पुन्हा वळवायची. "बघ गं माय. एकडाव तरी बघ."

"तुझा नवरा तुझ्याकडं बघंना, कासवी कशी बघल!" सरजाबाई ओट्यावरून म्हणायची.

थंडी पडली. कस्तुरानं घमेलं चुलीजवळ नेलं. आपल्या अंगावरची वाकळ त्याला गुंडाळली. तिचं जेवण तुटलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

होळी जवळ आली. सेलूची माणसं निरोपावर निरोप धाडायला लागली.

एके सकाळी कस्तुरा उकिरड्याशी वाकली होती.

"काय पुरायलीस?" मागून सरजाबाई.

"काय न्हाई, आत्याबाई."

"हात दाव."

मुठीत फुटकं अंडं होतं. वास नाकात शिरला. कस्तुरा सासूच्या पायांशी कोसळली. "ह्यांना सांगू नगा. माहेरी भावजय दारात उभी करायची न्हाई. मला आडाबिगर जागा न्हाई, आत्याबाई."

"ऊठ. हात धू आधी."

दुसऱ्या दिवशी सरजाबाई नवं लुगडं नेसून निघाली.

"या वयात चुडाव्याला काय काढलंस?" सटवाजीनं विचारलं.

"माहेर हाय माझं. तुझ्या लग्नाचं आवतण नगं का द्यायला?"

सटवाजी खूश झाला. स्वतः स्टेशनावर सोडून आला. कस्तुरानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. आडाच्या काठावर बसून राहिली.

सरजाबाई परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी कस्तुराची किंकाळी ऐकू आली. सटवाजी धावत आला. घमेल्यात रेतीवर रुपयाएवढी पिलं वळवळत होती. कस्तुरा हसत होती, रडत होती, पिलांवरून हात ओवाळून बोटं मोडत होती.

सटवाजीनं रेतीत हात घातला. एक अंडं निघालं, अख्खं. मग दुसरं. सगळीच अख्खी. एक त्यानं दगडावर फोडलं. घाण पाणी वाहिलं. कस्तुराचं हसू तिथंच विझलं.

"ही पिलं यातली न्हाईत. कुठनं आणलीस, आये?"

"चुडाव्याहून," सरजाबाई म्हणाली. आवाजात लाज नव्हती. "पिलं निघाली पायजेत म्हणलं व्हतं. कुणाची, ते कुठं ठरलं व्हतं?"

"दुसऱ्याची पिलं दावून मला गंडवतीस? आपलं रगत ते आपलं, परकं ते परकं. आजच जातो सेलूला."

सरजाबाईनं कस्तुराला हाताला धरून उठवलं, आपल्या शेजारी उभं केलं आणि लेकाकडं बघितलं.

"जा. ही कुठं जायची न्हाई. या घरात रगत बघूनच ठिवायचं असतं, सटवा, तर चुडाव्यात ज्या बाईनं तुला माझ्या पदरात टाकलं, तिच्याच दारात तुला मी कवाच परत नेऊन ठिवला असता."