दोर कोण धरणार

दोर ओढायच्या दोन बोटींपैकी एक ऐन वेळी बंद पडली.

जहाज समोरच दिसत होतं. पांढरंशुभ्र, अख्ख्या गल्लीएवढं लांब. गोठवून आणलेल्या द्रवाचा पुन्हा गॅस करणारं ते जहाज एकदा इथे बांधलं की गॅसचं टर्मिनल पुरं झालं. सिनाईतून येणारी गॅसची वाहिनी सारखी फुटायला लागल्यापासून राजधानी अम्मानचे दिवे डिझेलवर जळत होते. पण जहाज बांधायचं तर त्याचे मांडीएवढे जाड दोरखंड बोटींनी ओढत न्यायचे आणि पाण्यात उभ्या केलेल्या खांबांच्या आकड्यांत अडकवायचे. एकट्या बोटीचं ते काम नव्हतं.

"दुपारपर्यंत धरून ठेवतो," जहाज धक्क्याला लावून देणारा पायलट वायरलेसवर म्हणाला. "दक्षिणेचा वारा वाढतोय. नंतर मला फिरावंच लागेल."

फिरणं म्हणजे कायमचं जाणं. जहाज लावून घ्यायची कराराची मुदत आजच संपत होती आणि दुसरा एक देश त्याच्यावर डोळा ठेवून बसला होता.

तेवढ्यात प्रकल्पाचे प्रमुख फव्वाज यांना मच्छीमारांच्या होड्या दिसल्या. वस्तीतली एकूण एक होडी बाहेर पडली होती. धक्क्याकडे येणाऱ्या वाटेवर त्यांनी आडवी रांग धरली होती.

"बघा, आजचाच मुहूर्त साधला यांनी," फव्वाज म्हणाले. "वाट अडवायला आलेत. तटरक्षकांना बोलवा."

"थांबा साहेब," सुहैर म्हणाली. ती धक्क्याची मुख्य इंजिनिअर. "ते मदतीला आलेत."

फव्वाज तिच्याकडे वळले. "सुहैर, त्यांच्या घरचे मासे खाऊन खाऊन तुझी अक्कल गेली का गं? धक्क्याने त्यांचा समुद्र खाल्ला. बदल्यात कबूल केलेला छोटा धक्का आपण अजून बांधून दिलेला नाही. कशाला येतील मदतीला?"

"आलेत ना. मी बोलून येते."

ती उरलेल्या बोटीत बसली. बोट लाटांवर आपटत निघाली. तोंडावर खारं पाणी उडत होतं. मच्छीमारांना छोट्या धक्क्याचा शब्द तिनेच दिला होता, त्यांच्या अंगणात बसून, त्यांचा चहा पीत. कंपनी चालढकल करत राहिली. मग वस्तीतल्या बायका रस्त्यात तिला बघून तोंड फिरवायला लागल्या होत्या.

रांगेच्या मधोमध वस्तीच्या म्होरक्याची, अबू मिशालची होडी होती. म्हातारा उभाच होता, पाय फाकवून, हात छातीवर बांधून. सुहैर त्याच्यापर्यंत पोचली, पण बोलली ती सगळ्या होड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"अल्लाह तुमचं भलं करो, अबू मिशालकाका. आमची बोट बंद पडली आणि बोलावणं धाडायच्या आधी तुम्ही आलात. एवढ्या वाऱ्यात सगळी वस्ती आली. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

शेजारच्या होडीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने हातातलं घोषणा रंगवलेलं कापड हळूच फळीखाली सरकवलं.

अबू मिशालने तिच्याकडे रोखून बघितलं. मग जहाजाकडे. जहाज रेटून धरणाऱ्या टगबोटी जोर लावत होत्या, तरी ते जडशीळ धूड वाऱ्याने इंचाइंचाने सरकत होतं.

"आणि आमच्या धक्क्याचं काय, पोरी?"

"शब्द माझा होता. मी तो सोडलेला नाही. पण आज हे जहाज गेलं, तर शब्द पाळायला मी इथे नसेन."

म्हाताऱ्याने छातीवरचे हात सोडले. मागे वळून एकच हाक दिली.

"इंजिनं चालू करा. आधी पुढचे दोर घ्या, वारा तिकडून आहे."

रांग मोडली. होड्या जहाजाच्या पोटाखाली शिरल्या. वरून दोर सुटले, ते यांनी उचलले, तीन-तीन होड्यांनी मिळून ओढत नेले. एक दोर निसटला, तेव्हा दोघे कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि तो खांद्यावर घेऊन वर आले. लाटेने होडी खांबावर आदळायची, शिव्यांचा वर्षाव व्हायचा, की पुन्हा दोर आकड्याकडे. सुहैरचे तळहात सोलून निघाले होते. तिला त्याचा पत्ता नव्हता. शेवटचा दोर ताठ झाला आणि जहाजाने भोंगा दिला. तो इतका लांबला की डोंगरांवरून परत आला. होडीहोडीतून माणसं हसायला लागली. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. धक्क्यावर फव्वाज डोकं धरून खाली बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

संध्याकाळी धक्क्यावरच भात-मासळीची परात आली. फव्वाजनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की इथून पुढे येणाऱ्या प्रत्येक जहाजाचे दोर ही वस्तीच धरील, त्याचा रीतसर मोबदला घेईल, आणि छोट्या धक्क्याचं काम या आठवड्यात सुरू होईल. "न बोलावता मदतीला धावून आलेली माणसं आहेत ही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मच्छीमार परातीत बघत राहिले.

अबू मिशालला तो घास गिळवेना. तो उठून सुहैरजवळ येऊन बसला.

"एक सांगतो, पोरी. रागावू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आम्ही मदतीला नव्हतो आलो. वाट अडवायलाच आलो होतो."

सुहैरने माशातला काटा काढला आणि मऊ तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"ठाऊक होतं, काका. म्हणूनच तर घाईघाईने आभार मानून टाकले."