पार्वतम्माच्या दोन डब्या

२०१७ साल. वैशाख लागला होता आणि उदगीरच्या आडत दुकानात बसवराजनं गिऱ्हाइकांशी बोलणं सोडलं होतं. त्याचा मुलगा रविकिरण नांदेडला नोकरीला होता. येत्या रविवारी तो बाप्तिस्मा घेऊन मॉर्मन या ख्रिस्ती पंथात जाणार होता.

"पाण्यात उतरला की तो मला मेला," बसवराज आईला, पार्वतम्माला म्हणाला. "अव्वा, तू जाणारच असशील तर एवढं कर. त्याच्या गळ्यातलं लिंग परत आण. तिकडं कुठंतरी टाकून देईल."

पार्वतम्मानं पिशवी भरली. "एक तर पोरगं आणीन, न्हाई तर लिंग. रिकाम्या हातानं येणार न्हाई."

लिंगायताच्या घरात मूल तान्हं असतानाच जंगम, म्हणजे घरचा गुरू, येतो आणि चांदीच्या डबीतलं लिंग त्याच्या गळ्यात बांधतो. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग अन्नपाणी. माणूस गेला की तेच लिंग तळहातावर ठेवून, बसवून त्याला माती देतात. रविकिरणच्या डबीचा दोरा पार्वतम्मानं स्वतः वळला होता.

नांदेडला खोलीवर नातवानं पाया पडून लिंबाचं सरबत पुढं केलं.

"चहा न्हाई का रे?"

"आमच्यात चहा घेत न्हाईत, अव्वा."

"अगं बाई! मग पाहुण्यानं उठायचं कधी, हे त्याला कळतं कसं?"

रविकिरण हसला. तिनं चंची सोडली, अडकित्ता काढला, पण सुपारी फोडली नाही.

"मी भांडायला न्हाई आले. माझं ऐक, मग तुझं तू कर. तुझे आजोबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, पार्वतम्मा आता एकटी पडली. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, लिंग तळहातावर घेतलं. लई वेळ बघत बसले. हात काही रिकामा न्हवता रे. तिथून उठले ती आजपोत्तर उभी हाय. मला पोथ्या येत न्हाईत. पण एवढं ठाव हाय. तुझ्याजवळ असं काही असंल तर सांग. कुणाचं ऐकलेलं नको, तुझं सांग."

रविकिरण तिच्यासमोर खाली बसला.

"नांदेडच्या आधी हैदराबादला होतो, तिथं डेंग्यू झालता तेव्हा खोलीवर कुणी येत न्हवतं. ह्या पंथाची दोन परदेशी पोरं आली. गळ्यात टाय, मोडकंतोडकं तेलुगू बोलून राहिली. मला पाणी पाजलं, प्रार्थना केली, उशाशी बसून राहिली. त्या दिवशी वाटलं, कुणीतरी मला नाव घेऊन बोलावून राहिलंय. ते अजून थांबलं न्हाई. तुझ्याशी खोटं बोलू का?"

"नको. म्हणजे तू माघारी फिरणार न्हाईस."

"न्हाई, अव्वा."

"मग लिंग दे."

तो काही बोलणार, तेवढ्यात वैजनाथ आला. रविकिरणच्या कचेरीतला, त्याच पंथाचा. अर्धापूरला त्याची केळीची बाग होती आणि बागेतल्या शेततळ्यात उद्या तोच रविकिरणला बुडवणार होता.

"आजी, तुम्ही पण या उद्या," तो भीत भीत म्हणाला.

"येणारच. माझ्या नातवाला बुडवून राहिलास, वर काढतोस का न्हाई ते नको का बघायला?"

वैजनाथ हसत गेला. रविकिरण उठला.

"अव्वा, एक सुपारी दे की."

"चहा चालत न्हाई आन् सुपारी चालते? थांब, फोडून देते."

"अख्खीच दे."

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाल फडक्यात बांधलेली डबी होती. पार्वतम्मानं ती तळहातावर घेतली, मूठ मिटली आणि नातवाच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिनं डबी कमरेला खोवली.

दुसऱ्या दिवशी शेततळ्यात तो पांढऱ्या कपड्यांत छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला. वैजनाथनं उजवा हात वर करून प्रार्थना म्हटली आणि त्याला मागं निजवलं. रविकिरणची एक मूठ छातीशी होती. त्या हाताचं कोपर पाण्यावर राहिलं. अंग सगळं बुडायला पाहिजे, म्हणून पुन्हा एकदा निजवलं. तो काठावर आला तेव्हा ओला सदरा अंगाला चिकटला होता. कुणी हलायच्या आत पार्वतम्मा कडेला गेली आणि त्याच्या गळ्याभोवती, छातीवर टॉवेल घट्ट गुंडाळला.

"आजी, वैशाखात थंडी?" वैजनाथनं विचारलं.

"माझ्या पोराला बाधतं पाणी."

उदगीरला बसवराज दारातच उभा होता. "दिलं?"

"दिलं."

"मग संपलं."

"संपलं कसं? लिंग घरात हाय तोवर पोरगं ह्याच घरातलं. दिवाळीला येईल, तू वाढशील. न्हाई म्हणायचं असंल तर जंगमाला इचारून ये."

बसवराज जंगमाकडं गेला नाही. दिवाळीला रविकिरण आला आणि बापानं त्याच्या ताटात पुरणपोळी वाढली.

डबी घरात आली त्या दिवसापासून पार्वतम्मा दोन पूजा करायची. पहिली आपली, सगळ्यांसमोर. दुसरी नातवाची, भिंतीकडं तोंड करून, हातावर पदर घेऊन. ताप असो, पाहुणे असोत, दोन्ही झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. "त्याचं लिंग उपाशी राहील," म्हणायची.

पुढं वैजनाथ बाग भावाला देऊन हैदराबादला गेला. रविकिरणनं सुकन्या नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्यांची मुलगी सुट्टीत उदगीरला आली की बसवराजच्या मांडीवर बसून आडतीची गंमत बघते. बसवराज आता थकलाय, नुसता गादीवर बसतो, दुकान त्याच्या मुलीचा नवरा सांभाळतो.

गेल्या पौषात पार्वतम्मा गेली. "दोन्ही डब्या माझ्यासोबत ठेवा. नातवाची उघडू नका," असं सांगून गेली. पण जंगम गुरुपादप्पा अडले. जित्या माणसाचं लिंग मातीत जात नाही, ते बापाच्या हवाली करतो, रिकामी डबी तेवढी ठेवू, म्हणाले.

त्यांनी पहिली डबी उघडून पार्वतम्माचं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. मग दुसरी उघडली. आत अख्खी सुपारी होती, रोजच्या विभूतीनं घासून गुळगुळीत झालेली. बसवराजनं मान वर केली. खड्ड्यापलीकडं रविकिरण उभा होता. त्याचा हात शर्टाच्या गळ्याशी गेला होता आणि मुठीत पार्वतम्मानं वळलेला दोरा होता.