कमला बोलत नाही

“मग बोलत काऊन नाई? बरं, ठेव. येतो मी उद्या,” संघपाल अंगणात फोनवर दबक्या आवाजात म्हणाला. दाराआड उभ्या असलेल्या साक्षीनं ते ऐकलं.

फोन चार्जिंगला लावून तो आंघोळीला गेला. मागोमाग फोन पुन्हा वाजला. स्क्रीनवर नाव होतं, कमला. साक्षीनं उचलला नाही. वाजून वाजून बंद होईपर्यंत ती नुसती बघत राहिली.

हे नाव तिला नवं नव्हतं. होळीपासून ते कितीदा तरी दिसलं होतं. कधी जेवताना, कधी रात्री झोपताना. नाव दिसलं की संघपाल फोन घेऊन अंगणात जायचा. तिकडं नेटवर्क चांगलं येतं म्हणायचा.

संघपाल जुन्या मशीनींची वायरिंग दुरुस्त करायचा. सेकंडहॅण्ड घेतलेली मशीन कुठं अडली की त्याला बोलावणं यायचं. कधी सिंदेवाही, कधी धानोरा. दिवस दिवस तो जंगलातल्या कामांवर असायचा, आणि साक्षी वडशाच्या राईस मिलमध्ये वजनकाट्यावर.

त्या दिवशी काट्यावर तिचं लक्ष लागलं नाही. एका ट्रकचं रिकामं वजन वजा करायचंच राहिलं. मॅनेजर ओरडला. तिच्या डोळ्यांपुढं मात्र ती बाईच होती. गोरी असेल. केस लांब असतील. हातांना धानाच्या भुशाची खाज तर नक्कीच नसेल.

संध्याकाळी तिनं वाढता वाढता विचारलं, “कमला कोण व्हय?”

संघपालचा घास हातातच राहिला. मग तो मोठ्यानं हसला.

“मशीन व्हय ते! कुरखेड्याकडं बोडीचं खोलीकरण चालू हाय ना, तिथली जुनी पोकलेन. मालकानं आईचं नाव ठेवलं. डायवर फोन करते, तं मी मशीनच्याच नावानं नंबर सेव्ह केला.”

“अन् बोलत नाई, ते?”

“अवं, इंजिनचा कंट्रोल डबा अन् कॅबिनमधला स्क्रीन, हे एकमेकांसंग तारेतून बोलतात. बोलणं तुटलं का मशीन ठप्प. तुले काय वाटलं?”

साक्षी हसली नाही. “मले दाखवा ते मशीन.”

“चल ना!” तो म्हणाला. पोळीचा तुकडा मोडत जरा थांबला. “उद्या नाई. उद्या मले बल्लारपूरले जा लागते. परवा चल.”

परवा साक्षीनं सुट्टी टाकली. मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून ती निघाली. मोहफुलांचा वास रस्ताभर येत होता. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली.

गावतळ्यासारखी ती लहानशी बोडी आटलेली होती. तळाच्या भेगाळल्या चिखलात पिवळी पोकलेन मान टाकून उभी होती. ड्रायव्हर लालसू पुढं आला.

“हेच काय कमला?” साक्षीनं विचारलं.

लालसूनं संघपालकडं पाहिलं.

“हेच,” संघपाल म्हणाला. “चालू करून दाखव रे.”

लालसूनं चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं, धरलं नाही. स्क्रीनवर संपर्क तुटल्याची लाल खूण लुकलुकत राहिली. साक्षीच्या छातीवरचं ओझं तिथंच अर्धं उतरलं.

संघपालनं बॅटरी काढली, मीटर लावला आणि तिला जवळ बोलावलं. “हे पाह्य. दोन तारा पीळ घालून मशीनभर फिरवल्या असतात. दोन्ही टोक जागेवर असले का साठ ओहम दाखवते. हे दाखवून राह्यलं एकशेवीस. म्हणजे एक टोक तुटलं.”

“मग आता साऱ्या मशीनीत तार शोधा लागते?”

“लोकं दिवस दिवस शोधतात.”

त्याला दिवस लागला नाही. तो सरळ सीटमागं वाकला, पत्रा खोलला आणि तारांच्या जुडग्यातून तुटलेली तार वर काढली.

“उंदरानं कुरतडली,” तो म्हणाला.

साक्षीला त्याचा अभिमान वाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला काम करताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तार सोलली, जोडली, टेप गुंडाळली. मीटर पुन्हा लावला. साठ. बॅटरी जोडताच स्क्रीन उजळला, इंजिन धडधडलं. साक्षीनं नकळत टाळी वाजवली. इतके दिवस एका लोखंडाच्या धुडावर आपण जळत होतो, या विचारानं तिला लाजही वाटली.

“मले माफ करा,” ती इंजिनच्या आवाजात म्हणाली.

“काय?”

“काई नाई. जा, चालवून पाहा.”

संघपाल स्वतःच सीटवर बसला आणि मशीन बोडीच्या बांधाकडं घेऊन गेला. साक्षी मोहाच्या सावलीत बसली. लालसूनं तिला मडक्यातलं पाणी आणून दिलं. दूर संघपालनं बकेट मातीत घातली आणि हात हलवला. तिनंही हात हलवला.

“वैनी, एक विचारू काय?” लालसू शेजारी उकिडवा बसत म्हणाला. “भाऊ कोणाले सांगू नको म्हणे, पण तुमी तं घरच्याच.”

“विचारा ना.”

“मशीन चांगली चालू होती. सीटमांगची तार कापून ठेव म्हणून काल भाऊचा फोन आला, तं आज सकाळी मीच कापली. काऊन कापाले लावली असन?”