शोकसंदेशातली दुरुस्ती

कारखान्याच्या जनसंपर्क विभागातल्या रेवती सबनीस टॅब्लेट घेऊन तांडेलांच्या घरी आल्या. कंपनीच्या अपघात वर्तवणाऱ्या यंत्राने अंदाज दिला होता: पुढच्या मंगळवारी, पहिल्या पाळीत, तीन नंबरच्या बॉयलरचा स्फोट, एक मृत्यू. नंतर चुकीचं काही छापून येऊ नये म्हणून कंपनी हल्ली शोकसंदेश आधीच तपासून घ्यायची.

हरेश्वर तांडेलांनी चष्मा लावून आपला शोकसंदेश पूर्ण वाचला. "फोटो बरा आलाय," ते म्हणाले. "पण बॉयलर बंद का ठेवत नाही?"

"ते देखभाल विभागाकडे येतं, काका. आम्ही त्यांना कळवलंय."

"आणि मी मंगळवारी रजा टाकली तर?"

"तर तुमच्या जागी मुकुंद म्हात्रे येतील. मग मला हे त्यांच्या घरी न्यावं लागेल."

मुकुंदच्या मुलीच्या बारशाचे पेढे तांडेलांनी नुकतेच सबनीसबाईंपुढे ठेवले होते. त्यांनी त्या बशीकडे पाहिलं आणि टॅब्लेट पुन्हा जवळ ओढला.

"एक चूक आहे," ते म्हणाले. "तेवीस वर्षं सेवा लिहिलंय. तेवीस दिवाळीला होतील."

सबनीसबाईंनी आभार मानले आणि बावीस केलं.