दोन तारे

नेहमीच्या म्युझिक प्लेअरला पर्याय म्हणून संयोगिताने संगणकासाठी नवा प्लेअर बनवला होता. पाच जणांनी त्याला पाच-पाच तारे दिले. अभिप्राय वाचताना तिला एक गोष्ट खटकली. पाचही जणांनी शेवटी लिहिलं होतं, "मुलगी फार गुणी आहे."

"आई, हे सगळे तूच लिहिलेस ना?"

"मग? बोहनी घरच्यांनीच करायची," आई शांतपणे म्हणाली.

संयोगिता हिरमुसली. वर्षभर खपून केलेली वस्तू परक्या कोणी वापरलीच नव्हती.

आठवड्याने सहावा अभिप्राय आला. तारा एकच. "रोज नाट्यगीतं ऐकतो आणि रोज थांबवायचं बटण शोधतो. करणाऱ्याने एकदा माझा चष्मा लावून बघावं."

'रोज' या शब्दापाशी ती थबकली. कुणीतरी अनोळखी माणूस तिचा प्लेअर रोज वापरत होता, करवादत का होईना.

तिने लगेच बटण मोठं केलं आणि त्या गृहस्थांना कळवलं. संध्याकाळी त्यांनी एकाचे दोन तारे केले.

संयोगिताने आईच्या हातावर पेढा ठेवला.

"पाचातले दोनच, आणि पेढे?"

"हे दोन मी कमावलेत, आई."