भरवशाची जागा

त्रिंबकरावांच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर बारा वर्षांच्या प्लॉट-मोजणीचे नकाशे होते. "काका, एक कॉपी आमच्याकडं राहू द्या," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"म्हंजी तुम्ही बिल्डरला विकायला मोकळे."

घरच्या कपाटाचाही त्यांना भरवसा नव्हता, कारण पोरगाच प्लॉटिंगच्या धंद्यात. म्हणून त्यांनी कॉपीची हार्डडिस्क पत्र्याच्या डब्यात घातली आणि कुणाला न सांगता गच्चीवरच्या टाकीत ठेवली. चार महिने टाकीत पाण्याचा थेंब नव्हता.

सोमवारी सर्व्हर कायमचा बसला. ऑफिसातली माणसं हवालदिल झाली, त्रिंबकराव मात्र मिशीतल्या मिशीत हसत घरी आले.

दारातच सुनेनं पाण्याचा गच्च भरलेला तांब्या पुढं केला.



"मामंजी, आज टँकर मिळाला एकदाचा. टाकी काठोकाठ भरून घेतली."